कूट नसलेली उसळ

आमच्या नांदुऱ्याच्या गल्लीतली ती शेजारीण प्रत्येक वाक्य ‘पाहा ताई’ म्हणून सुरू करते. तिच्या आणि माझ्या लेकीला शेंगदाण्याची सारखीच ॲलर्जी. एक दाणा पोटात गेला तरी घसा सुजायचा. पुण्याला नव्या औषधाच्या चाचणीत तिची मुलगी घेतली, माझी नाही. दाण्यातल्या प्रथिनाचे बदललेले बारीक तुकडे टोचून शरीरातल्या पेशींना शांत राहायला शिकवतात म्हणे. तिची मुलगी आता दाणे खाते.

काल तिच्याकडच्या साबुदाण्याच्या उसळीत कूट दिसला नाही.

“काऊन हो, आता तर चालते ना तिले?” मी विचारलं.

“पाहा ताई, तुमची पोरगी येते ना इथं खेळाले.”

मी खात राहिले. तिनं थोडं मिरवलं असतं, तर मला तिचा मनापासून राग तरी करता आला असता.