दहिसरच्या नदीकाठी श्वास शिकताना

कंडक्टर ‘नॅशनल पार्क’ म्हणाला, आम्ही ‘नाका’ ऐकलं आणि बोरिवलीलाच उतरलो. उतरायचं होतं पुढे, दहिसरच्या चेकनाक्याला. बस निघून गेल्यावर चूक कळली. पण राग यायच्या आतच समोर लक्ष गेलं. पाठीमागे हायवेवर गाड्यांचा पूर, आणि समोर फाटकाच्या आत थेट जंगल. आपल्या कोकणातल्यासारखा गर्द डोंगर एवढ्या मोठ्या शहराच्या रस्त्याला टेकून बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

माझा थोरला भाऊ अण्णा रेलिंग धरून उभा होता. “झाडं बघतोय,” म्हणाला. झाडं तो बघतच होता, पण दम लागला म्हणून थांबला होता हेही मला कळत होतं.

आमच्या गावामागच्या कारखान्यातून गेल्या वर्षी वायू गळला, तेव्हा अण्णा काजूच्या बागेत होता. वायू उतारावरून खाली आला आणि बागेतच साचला. अण्णा वाचला, पण आता विहिरीपासून घरापर्यंत येताना त्याला दोनदा बसावं लागतं. कारखान्याची माणसं म्हणतात, एकदाच काय ती भरपाई घ्या आणि पुढं काही मागणार नाही अशी सही द्या. अण्णा कंटाळला होता. “देऊन टाकू सही,” म्हणत होता. आमच्या आरोग्यसेविकेनं तेवढ्यात दहिसरचा पत्ता दिला. “सही करायच्या आधी तिथं एकदा जाऊन या,” म्हणाली.

रिक्षावाल्यानं आम्हाला नदीकाठी सोडलं. नदी म्हणजे दोन भिंतींमधून जाणारं काळसर पाणी. एका बाजूला बैठ्या चाळी, त्यांच्या डोक्यावर नवे टॉवर. काही वर्षांपूर्वी इथं रसायनांचं एक गोदाम पेटलं होतं. त्याचा पिवळा धूर चाळींत आणि शेजारच्या मासळी बाजारात दिवसभर कोंडून राहिला. आजारी पडलेल्यांसाठी आता एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर केंद्र चालतं. डॉक्टर, औषधं, ऑक्सिजन, सगळं कोर्टाच्या हुकमानं त्या गोदामवाल्या कंपनीच्या खर्चानं, आणि तेही ही माणसं जगतील तोवर.

दारातच हिराबाई भेटल्या. खारदांड्याच्या कोळीण, साठीच्या, हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. आग लागली तेव्हा त्या बाजारात पाटी मांडून बसल्या होत्या.

“ये दादा, बस. इथं कोनाला घाई नाय,” त्या अण्णाला म्हणाल्या.

आत व्यायाम सुरू होता. खोलीभर बायका-पुरुष भिंतीला पाठ लावून बसलेले. कुणाच्या नाकात नळी, कुणाचे ओठ निळसर. समोर शिकवणारी मुलगी हात वर करी तसे सगळे नाकानं श्वास घेत आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडत. बोलणं नाही, खोकला आला तर कुणी वळून पाहत नाही. नुसता तो आवाज, वाळूवरून लाट मागं जाताना होतो तसा. देवळात कीर्तनाला बसले तरी माझं लक्ष कधी इतकं एका जागी राहिलं नाही.

मग डॉक्टरांनी अण्णाला लांबलचक व्हरांड्यात चालायला सांगितलं. बोटाला चिमटा लावून ते रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघत होते. तिसऱ्या फेरीत अण्णा भिंतीला टेकला.

“चप्पल चावतेय,” तो म्हणाला.

हिराबाईंनी वाकून त्याच्या पायांकडे पाहिलं. “चप्पल बरी हाय,” त्या हळूच म्हणाल्या. “मी पन आधी असाच बोलायची. लुगडं पायात येतं, बोलायची.”

अण्णा खाली बसला. वायू गळल्यापासून पहिल्यांदाच मी त्याला तोंड झाकून रडताना पाहिलं. डॉक्टर म्हणाले, “गेलेलं फुफ्फुस परत येणार नाही, काका. पण उरलेलं नीट वापरायला शिकता येईल. त्यासाठी तपासणी मात्र कायम लागेल.”

दुपारी हिराबाईंनी आम्हाला जेवायला घरी नेलं. दहिसरहून मेट्रोनं अंधेरी, तिथून रिक्षानं खारदांडा. मेट्रोच्या उंचीवरून एका बाजूला टॉवरांच्या रांगा, तर दुसऱ्या बाजूला खाडीकडे पसरलेलं खारफुटीचं हिरवं रान. अण्णा काचेला नाक लावून बसला. हिराबाई त्याला नावं सांगत होत्या, कांदिवली, मालाड, गोरेगाव, जशी पाहुण्याला आपल्या भावकीतली घरं दाखवावीत.

खारदांड्याच्या गल्लीतून चालताना हिराबाई तीनदा थांबल्या आणि तिन्ही वेळा गप्पा मारायलाच थांबल्यासारख्या थांबल्या. घरी सुनेनं तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं आंबट केलं होतं. (आंबट म्हणजे चिंच घातलेलं पातळ कालवण.) मी वासानंच अर्धी जेवले. हिराबाई म्हणाल्या, “मना (मला) वास येत नाय आता. मावरा ताजा हाय का, ते बोटांना कळतं.” (मावरा म्हणजे मासळी.)

“कोर्टात काय झालं?” अण्णानं विचारलं.

“त्यांचा वकील बोलला, ही म्हातारी सुकट विकते, चुलीपुढं बसते, हिचा खोकला जुना. मी बोलायला उठले आणि खोकलाच आला. थांबेना. जजसाहेबांनी पेन खाली ठेवला. मना वाटलं, आता इथंच मरते. मग आला श्वास. बोलले, साहेब, पैसे देऊन यांना आजच सुटायचं हाय. मी कशी सुटू? मना उद्या पन श्वास घ्यायचा हाय.”

त्यांनी अण्णाच्या पानात आणखी एक बोंबील वाढला. “आमच्यातले कितीक जण निकालाआधीच गेले, दादा. तरी तारखेला कोन घरी बसला नाय. पैसे घेऊ नको, असं मी नाय सांगत. पन सही करून डॉक्टर विकू नको.”

दुसऱ्या दिवशी परतलो. घाटात अण्णा झोपला नाही. सह्या घ्यायला कारखान्याची माणसं गावात सभा घेणार होती. “मी सभेत बोलेन,” एवढंच म्हणाला.

आणि तो बोलला. देवळाच्या मंडपात, कारखान्याच्या माणसांसमोर, थांबत थांबत. “भरपाई द्या, पण आधी डॉक्टर द्या, आणि तो आमच्या मरेपर्यंत द्या.” काहींनी तरीही सही केली, त्यांच्या घरची गरज मला माहीत आहे, मी त्यांना नावं ठेवणार नाही. बाकीच्यांनी केली नाही. आमचं प्रकरण आता कोर्टात आहे. निकाल कधी लागेल, कुणी सांगू शकत नाही.

मुंबईला जाताना मला वाटलं होतं, बरी झालेली माणसं बघायला चाललो आहोत. तिथं बरं झालेलं कुणीच नव्हतं. आजार तसाच ठेवून इतक्या चिवटपणे आणि इतक्या मायेनं जगणारी माणसं होती, आणि ते पाहून मी अजून सावरलेली नाही.

अण्णा रोज सकाळी ओट्यावर बसून ओठांचा चंबू करतो. पहिले काही दिवस येणारे-जाणारे हसले. मग शेजारची काकी येऊन बसली, मग तिचा दीर, मग खालच्या वाडीतली दोघं. परवा मी चहा घेऊन बाहेर गेले, तर ओट्यावर कपबशी टेकवायला जागा नव्हती.