माझ्या पाळीची सावड

नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी, बारामतीत ज्या क्लासमध्ये मी कॉम्प्युटर शिकले तिथंच पुढं शिकवायला लागले. क्लासमध्ये फोन एक आणि त्यावरून इंटरनेट लागणारं मशीनही एकच. दुपारची बॅच सुटली आणि सर चहाला उठले की ते मशीन माझं. बरोबरच्या मुली विचारायच्या, ही एवढा वेळ तिथं करते तरी काय? आता मी डोंगर चढते आणि तलवारीच्या जखमा बांधते, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?

त्या खेळात चित्र म्हणून नव्हतं. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, असं इंग्रजीत उमटायचं. आपण उत्तर दिशा टाइप केली की पुढची जागा यायची. देशोदेशीची माणसं त्याच वेळी त्याच गुहेत हिंडत असायची, आणि या गोष्टीनं माझ्या अंगावर दरवेळी काटा यायचा. मी वैद्य झाले होते. वैद्याला एकटीनं काही जमत नाही, साधा लांडगासुद्धा मला लोळवायचा. म्हणून खेळातल्या गावाच्या चौकात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं, वैद्य हवा का? कुणीतरी टोळीत घ्यायचं. मोहीम फत्ते झाली की सगळे आपापला वाटा उचलून पसार. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौक आणि पुन्हा विनवण्या. मला याचा भयंकर राग यायचा.

आमच्या काटेवाडीत काम असं चालत नव्हतं. खुरपणीला बायका सावड करायच्या. आज सगळ्या मिळून हिच्या रानात, उद्या तिच्या, परवा आमच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, कामाची फेड कामानं. आई वर्षानुवर्षं हेच करत आली होती आणि मला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. एकदा एका तलवारवाल्याच्या मोहिमेवर, त्याच्यासकट तिघा अनोळखी लोकांबरोबर एका गुहेतून धडपणी बाहेर आले, आणि सवयीनं टाइप केलं, "आज तलवारवाल्याचं काम झालं. उद्या कुणाच्या कामाला जायचं?"

मग तलवारवाल्यानं विचारलं, उद्या म्हणजे काय? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सावड समजावली. तलवारवाला युरोपातला, जेवणाच्या सुट्टीत खेळणारा. जादूगार ऑस्ट्रेलियाचा, वाट शोधून देणारा वाटाड्या सिंगापूरचा. तिघंही हसले. पण दुसऱ्या दिवशी आमच्या पाचच्या सुमाराला तिघंही चौकात हजर. मी खुर्चीतल्या खुर्चीत उडालेच.

मग आम्ही जादूगाराचं काम केलं, त्यानंतर वाटाड्याचं. राहिली माझी पाळी. मला हवी होती मेलेल्या सोबत्याला उठवायची विद्या. ती डोंगरावरच्या एका झऱ्यापाशी मिळायची, आणि झऱ्यावर एक राक्षस राखणीला असायचा. चारातला एक जरी कमी पडला तरी तिकडं फिरकण्यात अर्थ नव्हता.

आदल्या संध्याकाळी हे सगळं मी आईला सांगितलं. खेळ तिच्या डोक्यावरून गेला, सावड मात्र बरोबर पोचली.

"कुठल्या गावची हायत ती माणसं?"

"ठाऊक नाही. परदेशातली आहेत."

"तोंड बघितलंस का कुणाचं?"

"नाही."

"मग तुझं तूच नाचतीयास," आई म्हणाली. "त्यांच्या कामाला तू गेलीस, ती झाली वेठ. तुझ्या पाळीला ती आली, तर तिला सावड म्हनायचं."

हे मला चांगलंच झोंबलं. रात्रभर मी मनातल्या मनात त्या तिघांची बाजू घेऊन आईशी भांडत होते.

आणि नेमक्या माझ्या पाळीच्या दिवशी, दुपारी, रस्त्याच्या खोदकामात टेलिफोनची केबल तुटली. सरांनी रिसीव्हर कानाला लावला आणि मान हलवली. मला रडू यायच्या बेतात होतं. सरांची दुसरी शाखा इंदापूरला होती. मी पर्स उचलली आणि समोर दिसली ती एसटी पकडली. गाडी काटेवाडीच्या स्टँडवर थांबली तेव्हा मी खाली मान घालून बसले, न जाणो घरचं कुणी चढलं तर. पुढं लासुर्ण्यापाशी उसाचे ट्रॅक्टर आडवे आले. ड्रायव्हर निवांत, कंडक्टर निवांत, आणि मी एकटी सीटवरून अर्धी उठून गाडी ढकलत असल्यासारखी बसलेली.

इंदापूरला पोचले तर पाच केव्हाच वाजून गेलेले. तिथल्या मॅडमना धड नमस्कारही न करता मशीनवर बसले. मोडेमनं नेहमीची किंकाळी फोडली, लाइन लागली. चौकात तलवारवाला बसलेला. जादूगार बसलेला. वाटाड्या नव्हता. मग शेजारी एक नवंच नाव दिसलं. त्या नावानं टाइप केलं, "मी त्याची बहीण. तो कामावर अडकलाय. म्हणाला, आज वैद्याची पाळी आहे, घरातलं कुणीतरी गेलंच पाहिजे. मला खेळता येत नाही. कुणाला मारायचं ते सांगा."

मी दोन्ही हात तोंडावर ठेवले. सावडीला स्वतःला जमलं नाही तर घरातलं माणूस पाठवायचं असतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

मग काय विचारता! ती बहीण पूर्वेला म्हटलं की पश्चिमेला जायची, एकदा तर तिनं जादूगारालाच हाणलं. राक्षस अंगावर आला तेव्हा सगळ्यांच्या पुढं नेमकी तीच उभी, आणि पहिल्या फटक्यात मेली. आम्ही तिघांनी दात-ओठ खात टाइप केलं. राक्षस पडला, मी झऱ्याचं पाणी प्यायले, विद्या मिळाली, आणि त्या विद्येनं पहिल्यांदा उठवलं ते तिलाच. ती उठल्या उठल्या म्हणाली, "संपलं का?" मी इतकी मोठ्यानं हसले की मॅडम बाहेरून बघायला आल्या.

घरी पोचले तेव्हा आई भाकरी थापत होती. चपला काढता काढताच मी सगळं सांगितलं. "आली, माझ्या पाळीला आली! एकाला जमलं नाही, तर त्यानं बहिणीला धाडलं."

आईचा हात थांबला. "बहिणीला धाडलं?"

"हो."

"मग तिचं काय काम हाय?"

"तिचं कसलं काम? तिला खेळताच येत नाही. आणि ती मेली होती, मी तिला जिवंत केलं की! फिटलं."

"तुझ्या कामात मेली, तर तूच उठवायची. माझ्या रानात कुणाचा पाय मुरगाळला तर मी तेल लावतीच की. ती काय फेड न्हवं." आईनं भाकरी तव्यावर टाकली. "उद्या जा आन् तिचं काय काम हाय ते इचार."