थोमाला मी विकत घेतलं तेव्हा

मास्तरांनी मला फसवलं. नाटकात थोमाचं काम तुम्हालाच, असं कबूल करून त्यांनी माझ्याकडून बारा घोंगड्या नेल्या आणि ते काम आपल्या मेहुण्याला दिलं. नाटकाच्या दिवशी पुढे जे झालं, ते सगळं यातून झालं.

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आदल्या नाताळातली ही गोष्ट. माझा धंदा मेंढरांचा आणि घोंगड्यांचा. दुष्काळात आईबाप गेले, मी मिशनच्या आसऱ्याला वाढलो. पुढे मोडनिंबच्या बाजारातून पाठीवर घोंगड्या वाहून आणल्या आणि पेठेत स्वतःचं दुकान थाटलं. बोटांनी चाचपल्याशिवाय मी माल घेत नाही आणि कुणाच्या शब्दावर विसंबत नाही. म्हणून मिशनमधली माणसं मला पहिल्यापासून थोमा म्हणून चिडवायची. प्रभू उठला आहे असं बाकीचे शिष्य सांगत असताना, जखमेत बोट घालून बघितल्याशिवाय मी मानणार नाही, असं म्हणणारा तो थोमा. चिडवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं की मला तो माणूस मनापासून आवडायचा. बारा जणांत माल तपासून घेणारा तो एकटाच.

मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. एका सुट्टीत ते मलबारला जाऊन आले आणि तिथून थोमाची दंतकथा घेऊन आले. शिष्यांनी चिठ्ठ्या टाकून देश वाटून घेतले, थोमाच्या वाट्याला हिंदुस्थान आला. थोमा म्हणाला, मी जात नाही, मला तिथली भाषा येत नाही. तेव्हा हिंदुस्थानातला एक व्यापारी राजासाठी कारागीर शोधत तिकडे आला होता. प्रभूने थोमाला त्याला विकूनच टाकलं! इकडे राजाने महाल बांधायला पैसा दिला, थोमाने तो सगळा गोरगरिबांत वाटला, आणि राजाने महाल कुठे आहे असं विचारल्यावर सांगितलं, स्वर्गात बांधलाय, मेल्यावर दिसेल. ही गोष्ट ऐकून मी दुकानात मांडी थोपटून हसलो. राजाला तोंडावर असं सांगणारा माणूस! मनात आलं, हे काम आपण करायचं. ज्यांनी मला थोमा म्हणून हिणवलं, त्यांच्यासमोर थोमा होऊन उभं राहायचं.

पाद्रीसाहेब म्हणाले, हे शास्त्रात नाही, दंतकथा म्हणून करा. आणि प्रभूचं सोंग कुणी घ्यायचं नाही. म्हणून प्रभू पडद्याआडून बोलणार असं ठरलं आणि तो आवाज मास्तरांनी स्वतःकडे घेतला. शिष्यांच्या झग्यांसाठी घोंगड्या मी दिल्या. तीन दिवस उरले तेव्हा मास्तर दुकानात आले.

"थोमाचं काम आमच्या मेहुण्याला देतोय. त्याचे केस लांब आहेत."

"आणि माझं?"

"तुम्ही व्यापारी व्हा. तुम्हाला सोंगसुद्धा घ्यावं लागणार नाही."

"मास्तर, माझ्या घोंगड्या परत द्या."

"शिष्य उघडे फिरतील हो! प्रभूच्या कामात असं करता?"

बायको आतून म्हणाली, "अहो, घ्या की व्यापाऱ्याचं काम. नाहीतरी रोज तेच करता."

मी घेतलं. रागाने डोकं फिरलं होतं, पण घेतलं.

नाटक शाळेच्या पटांगणात, दुपारी चार वाजता. मिशनची माणसं होतीच, शिवाय माझ्या ओळखीचे कुंभारी गावचे धनगरही येऊन बसले होते. पडदा उघडला आणि बारा शिष्य एका रांगेत अंग खाजवायला लागले. कोऱ्या घोंगड्या त्या, उघड्या अंगाला टोचणारच. घोंगडी ताठ राहावी म्हणून लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा वास पहिल्या रांगेपर्यंत येत होता.

मी फेटा बांधून आत गेलो. मागच्या पडद्याआडून आवाज आला, "हा माझा दास आहे. उत्तम सुतार, उत्तम गवंडी. किंमत तीन लगडी चांदी."

नाटकाच्या वहीत माझं एकच वाक्य होतं: दिल्या. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "तीन? ह्याला?"

शपथेवर सांगतो, आधी काही ठरवलं नव्हतं. सांगितलेल्या भावात माल घ्यायला जीभच वळेना. पहिल्या रांगेतला एक म्हातारा धनगर ओरडला, "शेट, दात बगा आदी!" मी मेहुण्याचा जबडा धरला. "काका, काय करताय?" तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. "पुढचा एक पडलाय," मी जाहीर केलं. पटांगण फुटलं.

"हात दावा त्याचं! सुताराचं हात हायत का बगा!"

मेहुणा गिरणीत कारकून. हात कसले, लोणी. मी ते उंच करून सगळ्यांना दाखवले. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

"एक लगड," मी म्हणालो.

"तीन," पडद्यामागून आवाज आला. आवाज शांत होता. तो शांत ठेवणं मास्तरांना भागच होतं, प्रभू रागावणार कसे?

"सव्वा."

"वत्सा, तीनच ठरलं आहे."

"कुटं ठरलंय?" धनगर ओरडला. "रुमाल टाका की, शेट! मोकळ्यावर असतोय व्हय सौदा?"

बाजारात मेंढरांचा भाव कुणी तोंडाने बोलत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून भाव सांगायचा. मी पडद्याच्या फटीतून हात घालून मास्तरांचा हात बाहेर ओढला आणि वर उपरणं टाकलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट! एवढं देवकार्य त्या लोकांना प्रथमच नीट समजत होतं.

मी पडद्याला तोंड लावून कुजबुजलो, "दुसऱ्या अंकात थोमा मी."

"वेड लागलं का? हात सोडा."

"कबूल म्हणा, सोडतो."

"अहो, पाद्रीसाहेब बघतायत!"

"बघू देत की."

मी त्यांची पाचही बोटं मुठीत घेऊन आवळली. उपरणं थरथरत होतं आणि लोक ओरडत होते, "तुटला का? सौदा तुटला का?" शेवटी पडद्यामागून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा गंभीर आवाजात शब्द आला, "कबूल!"

मी मेहुण्याला खांद्यावर टाकून थोमाला हिंदुस्थानात आणलं. इतका आनंद मला दुकानाची पाटी चढवली तेव्हाही झाला नव्हता.

मध्यंतरात मास्तर म्हणाले, "कपडे बदलायला त्या वर्गात जा." मी गेलो. बाहेरून कडी लागली.

खिडकीला गज होते, पण खिडकी रंगमंचाच्या बाजूलाच. दुसरा अंक सुरू झाला. राजाने दरडावून विचारलं, "महाल कुठे आहे?" आणि मेहुण्याची पाठ खाजायला लागली. एक हात पाठीवर, दुसरा मानेवर, वाक्य पार विसरलेला. मला सगळं पाठ होतं. मी गजांतून ओरडलो, "महाराज, महाल तयार आहे! पण तुमच्या डोळ्यांना आज दिसायचा नाही!"

राजा दचकून खिडकीकडे बघायला लागला. मग मेहुण्याने शहाणपणा केला, नुसते ओठ हलवत राहिला आणि बोलत मी राहिलो. महालाचे खांब सांगितले, खिडक्या सांगितल्या, गोरगरिबांच्या पोटात गेलेली एकेक वीट सांगितली. वहीत नव्हतं तेही सांगितलं. पाद्रीसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले, हसून की रडून ते त्यांनाच ठाऊक. अंक संपला आणि हार मेहुण्याच्या गळ्यात पडला.

कडी उघडल्यावर मी मास्तरांना गाठलं. "तुम्ही कबूल म्हणालात."

"मी कुठे म्हणालो?" मास्तर म्हणाले. "नाटकात प्रभू म्हणाले. मी पडद्यामागे होतो."

तेव्हापासून हा माणूस याच एका वाक्यावर उभा आहे. आता ते निवृत्त होऊन मुलीकडे दुधनीला असतात, ठणठणीत आहेत, हे त्यांच्यापर्यंत पोचेल. मास्तर, तो शब्द तुमचा असेल तर तुम्ही पाद्रीसाहेबांसमोर मला दिलेला शब्द मोडलात. तो प्रभूचा असेल, तर प्रभूने मला दिलेलं काम तुम्ही कडी लावून मेहुण्याला दिलंत. दोन्हींतलं कुठलं, ते तुम्ही ठरवा. पण उत्तर द्या, आणि ह्या वेळी पडद्याबाहेर येऊन द्या.