उभी काच

काचवाल्याची डिझेलची व्हॅन कायमची बंद पडली, तेव्हा नवी गाडी विजेवरचीच घ्यायची एवढं घरात ठरलं. पण व्हॅन की कार, यावर नवरा-बायकोचं महिनाभर जमेना. कार घेतली की धंदा संपला, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शोरूममध्ये बायको सरळ कारमध्ये जाऊन बसली. त्याने मात्र टेप काढून व्हॅनच्या मागची उंची मोजायला घेतली.

“काका, कारचीही मागची सीट पाडता येते,” विक्रेता म्हणाला. “काच आडवी मावेल.”

“आडवी काच खड्ड्यात तडकते. ती उभीच न्यायची असते.”

“आणि धरायला मी!” बायको कारमधून म्हणाली. “यांचा काच बांधायच्या पट्ट्यांवर भरवसा नाही ना! तीस वर्षं मागे फळीवर बसून काच धरलीय. पुढची सीट कशी असते ते आज कळतंय.” मग ती नवऱ्याकडे वळली. “तुमचा हात तर शर्ट घालतानाही वर जात नाही. मोजताय कुणासाठी?”

विक्रेत्याने हसू दाबलं. काचवाला टेप गुंडाळू लागला. नव्या व्हॅनमध्येही ही मागेच बसणार, हे त्याने इतके दिवस मनात येऊ दिलं नव्हतं.

तो हळूहळू येऊन तिच्या शेजारी, चालकाच्या सीटवर बसला.

“पुढच्या आठवड्यात दवाखान्याची खिडकी बसवायची होती,” तो म्हणाला.

“सांगा त्यांना, दुसरा बघा म्हणून.”

“सांगतो,” तो म्हणाला आणि विक्रेत्याला कारचे कागद आणायला सांगून त्याने डोळे मिटले.