नेसणार असाल तर भाव बोला

कौसल्या आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे दारात आलेल्या भांडेवालीशी घातलेली हुज्जत. जुने कपडे घ्यायचे आणि त्यावर स्टीलचं भांडं द्यायचं, हा त्या बाईचा धंदा. कौसल्येनं ओसरीवर गाठोडं सोडलं. माझे सदरे, तिच्या दोन-तीन साड्या. भांडेवाली एकेक साडी उन्हात धरून भोकं शोधायला लागली, तशी कौसल्येनंच एक पदर तिच्यापुढं पसरला. म्हणाली, "हे पाह्य वं, इथं फाटलं हाय. मी लपवत नाई. आता तू बी सांग, डब्याचं झाकण ढिलं हाय का नाई?" भांडेवाली हसली, आणि मग दोघी मन लावून भांडल्या. मी मधून मधून "देऊ नको, गुंडाळ ते" असं ओरडायचं, एवढंच माझं काम. शेवटी डबा मिळाला आणि वर एक चाळणी. कौसल्या दिवसभर खूश होती.

त्याच आठवड्यात तिच्या छातीत कळ आली. वाशीमच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेलेली होती.

मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण म्हातारा मेलेल्या बायकोच्या साड्या मोबाईलवर विकतो, असं गावात बोलतात म्हणे. आपल्यातली जी पोरं पुण्याला, नागपूरला गेली त्यांच्यापर्यंतही ते पोचलं. विकतो. गाववाल्यांनो, कसं झालं ते ऐका आणि मग बोला.

कौसल्या गेल्यावर गाव सोडलं त्या दिवशी पोरगा गजू टेम्पो घेऊन आला होता. खाट, ज्वारीचं पोतं आणि कौसल्येच्या साड्यांची पेटी, एवढं सामान. सगळा मोहल्ला जमला. नवरा जिवंत असताना बाई गेली म्हणजे अहेव गेली, तिची साडी घरात असली की चांगलं असतं, असं आपल्याकडं मानतात. माझी भावजय पुढं आली. "भाऊजी, माही जाऊ कुंकू घेऊन गेली. तिची एक साडी मले द्या." मी खेकसलो, "तिचं कायबी भेटणार नाई." पेटी टेम्पोत टाकली आणि तिच्यावरच बसलो. वहिनी, तेव्हा कारण सांगितलं नाही, आज सांगतो. कधी गावी आलो असतो, तुमच्या अंगणात तीच साडी वाळत घातलेली दिसली असती आणि एक घटकाभर मी फसलो असतो. ती गेल्याचं परत कोण सोसणार?

वाशीमला गजूच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर आहेत. तो बियाण्याच्या दुकानात कामाला जातो, दिवसभर घरी मी आणि सून रूपाली. गावात दार सकाळी उघडलं की रात्रीच लागायचं. इथं दाराला आतून कडी, आणि कोणी आलं की बेल. गावात मी सगळ्यांचा भाऊ होतो, इथं खालचा दुकानदार मला अंकल म्हणतो. गावात दिवसभर मला कोणीतरी काही विचारायचं, इथं कोणी विचारायचं नाही. बोलायचं कोणाशी? पेटीवर बसून राहायचो. रूपाली त्या पेटीला हात लावायची नाही, नुसती तिच्या भोवतीनं झाडायची.

रूपालीचा मोबाईलवर कपड्यांचा धंदा आहे. तिचे, शेजारणींचे नेसून कंटाळा आलेले कपडे फोटो काढून ॲपवर टाकायचे, भाव ठरला की पार्सल करायचं. मला वाटायचं, ही तर भांडेवालीच झाली, फक्त भांड्याच्या जागी पैसा. एक दिवस ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मामाजी, राग नका येऊ देऊ. पेटीतल्या साड्या घडी मोडून ठेवाव्या लागतात. तशाच राह्यल्या तं घडीवर चिरतात."

पेटी उघडली. सगळ्यात वर जांभळी साडी, हिरव्या काठाची, गजूच्या लग्नात घेतलेली. घडीवरून बोट फिरवलं तर तिथं कापड विरळ झालेलं. अजून फाटलं नव्हतं, पण फाटणार होतं. कौसल्येची साडी, आणि माझ्याच बुडाखाली मरत होती. म्हटलं, टाक मोबाईलवर. जी नेसेल तिला द्यायची. गोधडी करणारीला नाही, पडदे शिवणारीला नाही. आणि भाव मीच करणार.

रूपालीनं भिंतीशी धरून फोटो काढला, खाली मी सांगितलेला आठशेचा भाव टाकला. लगेच गिऱ्हाइकं आली. काय ती गिऱ्हाइकं! राम राम नाही, कुठल्या गावच्या ते नाही, एकदम "लास्ट प्राइस?" मी बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव केलेला माणूस. समोरच्याच्या बोटावरून कळायचं याला बैल पाहिजे की नुसता टाइमपास करून राह्यला. इथं ना बोट, ना तोंड. रूपालीनं बोलायचं बटण दाबून धरायला शिकवलं. मी घसा साफ करून बोललो, "बाई, ही साडी माह्या बायकोची हाय. ती वारली. साडीत कायबी खराबी नाई, घडीवर जरा विरळ हाय. नेसणार असाल तर भाव बोला."

बाई गायब.

दुसरीला सांगितलं, तीही गायब. तिसरीनं "शी" लिहून पाठवलं. चौथीनं मला बंदच करून टाकलं. रूपालीनं कपाळाला हात लावला.

"मामाजी, विचारलं तं सांगा. पहिलेच काहून सांगता?"

"बैल विकताना खोड पहिले सांगतात. भाव मंग."

"आत्याबाई वारल्या, हे त्या साडीची खोड हाय काय?"

ती चहा ठेवायला उठली आणि मी तसाच बसलो. खोड कशी होईल? पण लपवणंही जमणार नव्हतं. जिनं फाटका पदर स्वतः उघडून दाखवला, तिची साडी मी काही न सांगता विकू? पुढच्या बाईलाही तेच बोललो. फक्त आवाज जरा कमी केला.

या वेळी उलट आवाज आला. आपल्याच बोलीतला. मोबाईलमधून आपली बोली ऐकली तेव्हा मी आधी दाराकडंच पाहिलं.

"दादा, सवाष्ण गेल्या का त्या?"

"हो."

"मंग ती साडी माही समजा. आमी मानोऱ्याकडचेच, आता पुण्यात राह्यतो. लेकीचं लग्न हाय, त्यात नेसायले पाह्यजे. इथल्या दुकानातल्या साड्या नुसत्या चमकतात. पण भाव लय सांगून राह्यले तुमी. आठशे काहून?"

"अहेव बाईची साडी हाय, ताई."

"म्हून तं घेऊन राह्यली ना! पण पुण्य इकत असाल तं वेगळं सांगा, अन् कापड इकत असाल तं वेगळं. कापडाचे चारशे."

"चारशेत तं काठ बी येत नाई."

"मंग काठच पाठवा, पदर मी इथं लावून घेईन."

रूपाली चहा घेऊन आली तेव्हा मी हसत होतो. ती पाहतच राहिली. बाई कसलेली होती. मी सहाशेवर उतरलो तर म्हणते, पार्सलचा खर्च तुमचा. मी म्हटलं, खर्च तुमचा. तर म्हणते, मंग वरून ब्लाउज टाका. मी म्हटलं, ताई, माही बायको काडीसारखी होती, तुम्हाला काय होणार तो? ती म्हणाली, "मी केवढी हाय ते तुमाले मोबाईलमधून दिसते काय, दादा? उसवून घेईन मी." रूपाली तोंडाला पदर लावून हसायला लागली.

मग तिनं विचारलं, "पण दादा, तुमच्यापाशीच राहू द्यावी ना एवढी चांगली साडी. कायले विकता?"

मी बटण दाबलं आणि सुटलं. परत दाबलं. "ठेवली तं चिरते, ताई."

मला वाटलं, हीही गेली. मग आवाज आला, या खेपेला हळू. "पाठवा. मी पेटीत नाई ठेवणार. लग्नात नेसीन, अन् मंग दर सणाले नेसीन. फाटंल तवा फाटंल."

पाचशेवर सौदा जमला, ब्लाउज वरून. रूपाली म्हणाली, "मामाजी, घाट्यात गेलो आपण." जाऊ दे म्हटलं. छातीवर ठेवलेलं पोतं कोणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं मला. साडी जाणार होती, आणि जाणार होती लग्नाला. ते दोन्ही खरं होतं, आणि रडायला काही आलं नाही. त्या दिवशी जेवलो पण पोटभर.

तुमच्यापैकी एकानं फोनवर विचारलं होतं, आता घर कुठलं म्हणायचं, गावचं की वाशीमचं? गावच्या घराला कुलूप आहे, तिथं मला कोणी आडवं बोलत नाही. इथं सून माझी चूक काढते, पुण्याची बाई माझा भाव पाडते. मला दुसरं काही लिहिता येत नाही. ज्याला समजायचं त्यानं समजावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी पेटी एकटाच ओढत गच्चीवर नेली आणि उरलेल्या साड्या एकेक करून झटकून दोरीवर टाकल्या. एक मात्र परत पेटीत ठेवली, कोणती ते सांगणार नाही. शेजारची बाई भाजी निवडत बसली होती, तशीच उठून आली आणि पिवळ्या साडीचा काठ बोटात धरून म्हणाली, "काका, ही केवढ्याची?"

म्हटलं, "पहिले हात पूस. मंग कोणाची ते सांगतो. मंग भाव."