सभेच्या स्पीकरवर बेस गिटार

आमच्या बँडमधले तिघंही एका वर्षात अमेरिकेला गेले. आधी गिटारवाला, मग गाणारा, शेवटी ड्रमवाला. आम्ही चौघं एकाच आयटी कंपनीत होतो आणि रविवारी सकाळी माझ्या कोथरूडच्या फ्लॅटवर वाजवायचो. माझ्याकडे बेस गिटार होती. चार जाड तारांची, खर्जातली. तिचा आवाज ऐकवणारा अॅम्प्लिफायर, स्पीकरसकट, मात्र ड्रमवाल्याचा. जाण्याआधी त्यानं तो विकून टाकला. वस्तू त्याचीच होती, पण एकदा विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

महिनाभर गिटार भिंतीला टेकून उभी राहिली. मग बिबवेवाडीतल्या एका दुकानाचा पत्ता लागला. दुकानदार साठीचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. सभा-समारंभांना लाउडस्पीकर पुरवायचे. मी कोपऱ्यातला एक कमरेएवढा जुना स्पीकर मागितला.

"कार्यक्रम कुठे आहे?"

"घरीच. बेस गिटार वाजवायचीय."

"साहेब, हे भाषणाचे स्पीकर. सत्कार, हळदीकुंकू, प्रचार. जाड तारांचा दणका याला सोसायचा नाही."

"हळू वाजवीन."

"हळूच वाजवायचं तर स्पीकर कशाला?" असं म्हणाले, पण दिला. तो चालवायला एक जुना अॅम्प्लिफायरही दिला.

आवाज विचित्र यायचा. स्पीकर माणसाच्या बोलण्यासाठी केलेला, त्यामुळे तारेवर बोट घासलेलं स्वराच्या आधी ऐकू यायचं. शेजारच्या खोलीत कुणी भिंत खरवडतंय असं वाटायचं. स्वर मागाहून यायचा आणि स्वयंपाकघरातल्या ताटल्या थरथरायच्या.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. जिन्यात भेटल्या.

"अहो, तुमचं गाणं सुरू कधी होतं? दोन महिने झाले, नुसती तयारीच ऐकतेय."

मी हसलो. वर आलो आणि त्या दिवशी गिटार हातात घेतली नाही.

एका रविवारी गाणाऱ्याचा अमेरिकेतून फोन आला. इकडची सकाळ, तिकडची रात्र. मी म्हटलं, "थांब, ऐकवतो." रिसीव्हर स्पीकरसमोर ठेवला आणि आमचं पहिलं गाणं सगळं वाजवलं. फोन उचलला तर तो म्हणत होता, "हॅलो? अरे, वाजव ना."

"वाजवलं की."

"काहीच आलं नाही रे. मधेमधे खरखर फक्त."

फोनच्या तारेतून खर्ज जात नाही, हे मला इंजिनिअर असून सुचलं नव्हतं. तो घाईत होता. "पुढच्या वेळी," म्हणाला. मी आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं आणि तेच गाणं पुन्हा वाजवलं. मध्यावर स्पीकरच्या आतला, आवाज काढणारा कागदी पडदा फाटला.

शनिवारी दुपारी स्पीकर रिक्षात घालून गिटारसकट बिबवेवाडीला नेला. चाचांनी काही सुनावलं नाही. नवा कागद बसवला आणि म्हणाले, "वाजवून बघा."

मी थोडं वाजवलं, मग थांबलो.

"पुढे?"

"पुढे गाणारा असतो."

"कुठाय तो?"

"अमेरिकेत."

"मग तुम्ही कशाला थांबलात?"

 मी पुढचं वाजवलं. चाचा एका माईकची वायर सोलत बसले होते. संपलं तेव्हा मान वर न करता म्हणाले, "आता ठीक आहे." स्पीकरबद्दल म्हणाले असावेत.

ऑफिसात नवा बँड जमतो का पाहिलं. एक जण दोन रविवार आला, मग त्याचाही व्हिसा झाला. नंतर मी कुणाला विचारलं नाही. शनिवारी दुपारी गिटार घेऊन चाचांच्या दुकानात जायचो. ते दुरुस्तीचं काम करायचे, मी वाजवायचो. गिऱ्हाईक आलं की हात थांबवायचो.