अर्धी भरलेली भेग

सारजा गेली त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही दोघं वावरात पऱ्हाट्या उपटत होतो. कापूस निघून गेला की वाळलेल्या पऱ्हाट्या मुळासकट उपटायच्या आणि मोळ्या बांधायच्या, वर्षभराचं जळतण होतं. ऊन चढलं तशी ती म्हणाली, "तुमी बसा बाभळीखाली, मी दगडापाशी जाऊन येतो." मी म्हटलं, "जाय, राक्षस वाट पाहून राह्यला तुही." ती टोपलीत मुरूम घेऊन गेली. मी भाकर खाल्ली, पाणी प्यालो, आणि ती उकिडवी बसून भेगेत मुरूम ठासत होती तिकडे पाहत राहिलो. लांबून तिची पाठ तेवढी दिसत होती. माझी बायको, चाळीसेक वर्षांची सोबत, आणि तिच्याशी माझं शेवटचं धड बोलणं झालं ते हे असं... राक्षसाचं.

गेलेल्या माणसाबद्दल पेपरच्या पुरवणीत गोड लिहितात म्हणे. मला ते जमणार नाही. दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, तोंडात आहे तेच हातातून उतरतं.

आधी दगडाचं सांगतो. सिंदी स्टेशनापासून दोन-तीन कोसांवर आमचं वावर आहे. त्यात जुन्या काळचं, अर्धे मातीत बुडालेल्या धोंड्यांचं एक रिंगण आहे, आणि रिंगणाच्या बाहेर एकटा एक दगड, हत्ती बसल्यासारखा. एक बाजू सुरीनं कापल्यासारखी सपाट. असा दगड आमच्या शिवारात कुठंच निघत नाही. मग कोणी कापला, कोणी आणला? गावात ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं. म्हातारे म्हणायचे, राक्षसांनी खेळायला आणला. एक बुवा म्हणायचा, मंत्राच्या आवाजानं दगड उचलून हवेतून आणत. शाळेतले मास्तर म्हणाले, जुन्या लोकांना एक पाला ठाऊक होता, त्याच्या रसानं दगड लोण्यासारखा मऊ व्हायचा. सारजा म्हणाली, "मंग मास्तरले म्हणा, थो रस जरासा आना. माह्या पाट्याले टाकी लावाची हाय." मास्तरांनाही हसू आलं.

पण तिच्यासाठी हा गमतीचा विषय नव्हता. आम्हाला एकच लेकरू झालं, सोनी. सारजा निंदायला जायची तेव्हा गोधडी अंथरून तिला त्या दगडाच्या सावलीत निजवायची. वावरात दुसरी सावली नव्हती, आजची बाभळ तेव्हा हातभर होती. पोरीला ताप आला आणि ती गेली. घर माणसांनी भरलेलं असताना माझी माय बोलली, "राक्षसाच्या दगडाखाली लेकरू निजवलं इनं. नेलं त्यानं." झालं. तेव्हापासून गावात कोणाच्या बारशाला सारजाला बोलावणं नाही. बाळंतिणीच्या दारावरून गेली तर आतून फळी लावून घेत. पुढं मूल झालं नाही, तेही दगडाच्याच नावावर जमा. तिचं म्हणणं एवढंच होतं की दगड माणसांनी आणला. माणसांनी आणला असेल तर त्यात राक्षस नाही, आणि राक्षस नाही तर तिनं लेकराला सावलीत निजवलं, दुसरं काही केलं नाही.

मी मात्र राक्षसच धरून बसलो. खरं सांगतो, मला तो पाहिजे होता. राक्षसानं नेली म्हटलं की कोणाला तरी शिव्या देता येत. नाही तर पोरगी उगीचच गेली असं होतं, आणि ते मला गिळता येत नव्हतं. तिला माणसं पाहिजे होती, मला राक्षस. यावर आम्ही आयुष्यभर भांडलो.

एका उन्हाळ्यात सिंदीच्या मालधक्क्यावर कापसाच्या जिनिंगसाठी मोठं बॉयलर उतरलं. आम्ही बाजाराला गेलो होतो. ते रस्त्यानं ओढून नेताना पाहायला अर्धा बाजार लोटलेला. खाली गोल लाकडं, मातीवर पाणी मारलेलं, पुढं दोरखंडाला माणसं. एकजण ओरडायचा, बाकीचे हैश्या म्हणून ओढायचे, वीतभर सरकलं की मागून एक माणूस पटकन दगडाची उटी लावायचा, म्हणजे बॉयलर मागं यायला नको. सारजा डोक्यावरची टोपली उतरवून उभीच राहिली. बाजार उठून गेला तरी हलेना. मग म्हणाली, "पाहा. याच्यात एक तरी राक्षस दिसते काय तुमाले? सारे आपल्यासारखेच मरतुकडे हायेत." मी म्हटलं, "याइच्यापाशी दोरखंड हाय." ती म्हणाली, "अन् तवाच्या लोकाइपाशी काय केळीचं सोपट होतं?"

दगड माणसाच्या हातानं हलतो हे तिला दाखवायचं होतं, पण ओढणारी माणसं तिला मिळणार नव्हती, त्या दगडाला हात लावायलाच कोणी तयार नव्हतं. म्हणून तिनं जमिनीला कामाला लावलं. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात आटते, पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात तीच जमीन फुगते आणि जे आड येईल त्याला रेटते. आमच्या घराची मागची भिंत अशीच तिरकी झाली. दगडाभोवतीही उन्हाळ्यात भेग पडायची. सारजा दरसाल उताराच्या वरच्या बाजूच्या भेगेत मुरूम ठासायची, खालच्या बाजूची माती उकरून काढायची. पावसात जमीन फुगली की दगड खाली रेटला जाणार, उन्हाळ्यात मागं यायला बघेल तर मुरमाची उटी बसलेली. तिचं म्हणणं, जुन्या लोकांनी असंच केलं असेल, त्यांना कुठं घाई होती. मी विचारायचो, "काऊन वं, बोटभर सरकला काय औंदा?" ती म्हणायची, "तुमच्या अकलीपक्षा जास्त सरकला."

सरकला का नाही, मला शपथेवर सांगता येणार नाही. बाभळ आणि दगड यांच्यातून पहिले बैलजोडी निघत नव्हती, आता निघते. शेजारी म्हणतो, बाभळीची मुळं एका बाजूनं तुटली म्हणून ती कलली. असेल...

मागं आम्ही नागपूरला जाऊन बुद्धाचा धम्म घेतला. सगळे देव सोडले असं हात जोडून म्हटलं. परतताना रेल्वेत सारजा कानाशी म्हणाली, "आता तं गेला न तुमचा राक्षस?" मी म्हटलं, "त्याच्यात राक्षसाचं नाव नवतं. देवाइचंच होतं." डब्यातली माणसं हसली. ती हसली नाही. खिडकीकडं तोंड करून बसली ती सिंदी येईपर्यंत.

ती गेली त्या दिवशी दुपारी वावरातून घरी आलो. दिवेलागणीला ती भाकरीचं पीठ मळत होती. "छातीत कायतरी रुतून राह्यलं," म्हणाली आणि तिथंच चुलीपुढं कलली. हाताला पीठ तसंच. मी पाणी आणेपर्यंत खेळ संपला. दुसऱ्या दिवशी माती दिली. परत येताना मागं दोन बाया बोलत होत्या, एकीनं हळूच म्हटलं, "रोज त्या दगडाले हात लावे माय. नाई सोडलं शेवटी त्यानं." इतकी वर्षं मीच ज्याचं नाव घेत होतो तो राक्षस दुसरीच्या तोंडून आला आणि माझ्या अंगाचा भडका उडाला. थांबलो, मागं वळलो, आणि पुन्हा पुढं चालू लागलो. काय बोलणार होतो? ते तर माझंच बोलणं होतं.

माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. बाया चुलीतली राख काढून घर सारवायला येणार होत्या, त्यांच्यासाठी दार उघडं टाकलं आणि वावरात गेलो. टोपली तिनं ठेवली तिथंच उपडी होती. भेग अर्धी भरलेली, त्यात तिच्या बोटांनी दाबल्याच्या खळग्या होत्या. पुढं अर्धी मोकळी. टोपली घेऊन नाल्यापाशी गेलो, मुरूम भरून आणला, आणि जिथं तिचा हात थांबला होता तिथून पुढं ठासत गेलो. तिच्या खळग्यांना हात लावला नाही. भेग भरली. मग खालच्या बाजूची माती उकरली. ऊन डोक्यावर आलं होतं. बाभळीखाली गेलो नाही. दगडाच्या सावलीत, जिथं गोधडी असायची तिथं, पाठ टेकून बसलो.